'जरब बसावी' आणि 'जरब बसते' : फाशीच्या समर्थनातील एका युक्तिवादाची चिकित्सा

१

मृत्युदंडाच्या समर्थनार्थ आजवर जी कारणे दिली गेली आहेत त्यांपैकी एक कारण सर्वांत अधिक वेळा आणि सर्वांत अधिक निःशंकपणे सांगितले जाते : फाशीची शिक्षा असल्यामुळे खून करू पाहणाऱ्यांना जरब बसते. विधिमंडळातील भाषणांत, न्यायालयांच्या निकालपत्रांत, वृत्तपत्रांच्या अग्रलेखांत आणि चावडीवरच्या बोलण्यात हे विधान इतक्या सहजपणे येते की, ते सिद्ध करावयाचे विधान आहे याचाच विसर पडतो. या विधानाचे स्वरूप काय, ते कोणत्या प्रकारच्या पुराव्याने सिद्ध होऊ शकेल, आणि भारतात ज्या प्रमुख अहवालांनी व निकालपत्रांनी त्याचा स्वीकार अथवा अव्हेर केला त्यांची विचारपद्धती कितपत निर्दोष आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. मृत्युदंड असावा की नसावा हा संपूर्ण प्रश्न येथे सोडवावयाचा नाही. त्या प्रश्नातील एका वाक्याची तपासणी करावयाची आहे.

मराठी व्याकरणकार क्रियापदाचे चार अर्थ मानतात : स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने यांपैकी तिहींचे महत्त्व आहे. 'फाशीमुळे जरब बसते' हे वाक्य स्वार्थात आहे. ते वस्तुस्थितीचे कथन करते. 'जरब बसावी म्हणून फाशी ठेवली आहे' यातील 'बसावी' हे रूप विध्यर्थाचे. ते इच्छा, अपेक्षा किंवा हेतू व्यक्त करते. 'फाशी नसती तर याहून अधिक खून झाले असते' हे वाक्य संकेतार्थातील. जे घडलेच नाही त्याविषयी ते बोलते. हे तीन दावे एकमेकांपासून सर्वस्वी भिन्न आहेत आणि त्यांच्या सिद्धतेच्या अटीही भिन्न आहेत. विध्यर्थी वाक्य सिद्ध करण्यास कायदा करणाऱ्याचा हेतू दाखविला म्हणजे पुरे. संकेतार्थी वाक्य सिद्ध करण्यास मात्र एकाच समाजाची दोन चित्रे, एक फाशी असतानाचे व एक नसतानाचे, शेजारी शेजारी ठेवावी लागतात; आणि त्यांतील एक चित्र नेहमीच काल्पनिक असते.

जरबेच्या युक्तिवादाचा खरा आशय संकेतार्थी आहे. तो मांडला जातो स्वार्थात, आणि त्याला आधार दिला जातो विध्यर्थाचा. युक्तिवादाची पुष्कळशी ताकद या अर्थांतरातून येते, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

२

प्रथम या वाक्यातील शब्दांकडे पाहणे इष्ट होईल. 'जरब' हा शब्द मुळात अरबी असून त्याचा मूळ अर्थ आघात असा आहे. मराठीत येताना त्याला आघाताच्या भयाचा अर्थ प्राप्त झाला. 'वचक', 'धाक', 'दहशत' हे त्याचे सोबती. या सर्वांचे क्रियापद 'बसणे' हेच. वचक बसतो, धाक बसतो, दहशत बसते. भय ही मनात येऊन स्थिर होणारी वस्तू आहे आणि एकदा ती बसली की माणसाची कृती आपोआप आवरली जाते, अशी कल्पना या वाक्प्रयोगाच्या मुळाशी आहे. भय वाटणे आणि भयामुळे कृती टळणे या दोन घटनांमधील अंतर या क्रियापदाने पुसून टाकले आहे.

'शिक्षा' या शब्दाचीही गोष्ट अशीच आहे. संस्कृतात शिक्षा म्हणजे शिकवण. हिंदीत आजही शिक्षा म्हणजे शिक्षण. मराठीने हाच शब्द दंडाच्या अर्थी स्वीकारला, आणि 'धडा शिकविणे' या वाक्प्रचाराने तो अर्थ दृढ केला. दंड हा पाहणाऱ्यासाठी पाठ आहे, ही समजूत भाषेतच रुजलेली असल्यामुळे मराठी भाषकाला जरबेचा सिद्धांत वेगळा पटवून द्यावा लागत नाही. भाषेत रुजलेली समजूत खोटीच असते असे मुळीच नाही. परंतु ती भाषेत आहे एवढ्यावरून खरीही ठरत नाही.

या वाक्यात आणखी दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. 'गुन्हेगारांना जरब बसते' असे म्हणण्याचा प्रघात आहे. पण ज्याला जरब बसली तो गुन्हेगार झालाच नाही, आणि जो गुन्हेगार झाला त्याला जरब बसली नव्हती. म्हणजे या शिक्षेचे अपयश तुरुंगात मोजता येते. तिचे यश, असल्यास, कोठेही नोंदले जात नाही. फाशीच्या समर्थकांच्या बाजूने ही गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. 'फाशी असूनही खून होतातच' हे विरोधकांचे उत्तर त्यामुळे लंगडे पडते. खून होतात यावरून काही माणसांना जरब बसली नाही एवढेच दिसते. कोणालाच बसली नाही असे दिसत नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. 'फाशीमुळे खुनाला आळा बसतो' या वाक्यात एक शब्दयोगी अव्यय गाळलेले असते, ते म्हणजे 'पेक्षा'. भारतात खुनाबद्दल शिक्षा दोनच : मृत्युदंड किंवा जन्मठेप. १८६० च्या दंड संहितेच्या ३०२ व्या कलमात हीच तरतूद होती, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या १०३ व्या कलमातही तीच आहे. फाशी रद्द झाली तरी खुनी मोकळा सुटत नाही. तो जन्मठेपेवर जातो. म्हणून शिक्षेमुळे खुनाला आळा बसतो काय, हा येथील प्रश्न नव्हे. जन्मठेपेने जेवढा आळा बसतो त्यापेक्षा अधिक आळा फाशीने बसतो काय, हा प्रश्न आहे. 'शिक्षाच नसेल तर अराजक माजेल' हे विधान सर्वांना मान्य होण्यासारखे आहे. 'पेक्षा' गाळला की त्या विधानाची सर्वमान्यता फाशीच्या पदरात पडते.

३

या युक्तिवादाची सर्वांत ठाशीव मांडणी सर जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी १८६४ साली इंग्लंडात केली. पुढे हेच स्टीफन हिंदुस्थान सरकारचे कायदेमंत्री झाले आणि १८७२ चा भारतीय पुराव्याचा कायदा त्यांच्या हातून घडला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते : मृत्यूइतकी परिणामकारक अशी दुसरी शिक्षा नाही; ही गोष्ट सिद्ध करणे कठीण, पण ते यासाठी की कोणत्याही पुराव्याने ती जितकी स्पष्ट होईल त्याहून ती स्वभावतःच अधिक स्पष्ट आहे. फाशीची शिक्षा झालेल्या माणसापुढे दुसरी कोणतीही शिक्षा ठेवा, तो ती आनंदाने पत्करील, असा त्यांचा दाखला होता.

पुराव्याचा कायदा लिहिणाऱ्या विद्वानाने आपल्या विधानाला पुराव्यातून सूट द्यावी, हे नमूद करण्यासारखे आहे. दाखलाही पूर्ण नाही. शिक्षा ठोठावली गेल्यावर, कोठडीत बसून, दोन निश्चित गोष्टींमधील निवड करणारा माणूस आणि रागाच्या, भीतीच्या, लोभाच्या किंवा नशेच्या भरात शस्त्र उचलणारा माणूस यांची मनःस्थिती एक नसते. पहिल्यापुढे मृत्यू निश्चित असतो. दुसऱ्यापुढे पकडले जाणे, खटला उभा राहणे, दोष शाबीत होणे आणि नेमकी मृत्यूचीच शिक्षा होणे अशा एकापाठोपाठ एक येणाऱ्या अनेक शक्यता असतात. बेक्कारिया या इटालियन विचारवंताने स्टीफनच्या शंभर वर्षे आधी, १७६४ साली, शिक्षेच्या कठोरपणापेक्षा तिच्या निश्चितीला अधिक महत्त्व दिले होते, ते याच भेदावर बोट ठेवून.

भारताच्या विधी आयोगाने १९६७ साली मृत्युदंडावरील आपला पस्तिसावा अहवाल सादर केला. लोकसभेत १९६२ साली फाशी रद्द करण्याविषयीचा ठराव चर्चेस आला होता. त्यानंतर हा विषय आयोगाकडे सोपविण्यात आला. आयोगाने प्रश्नावली काढली, मते मागविली, परदेशांतील अनुभव तपासला. परिश्रमाच्या दृष्टीने हा अहवाल आदरास पात्र आहे. तथापि त्याच्या निष्कर्षाची घडण तपासली असता तीन पायऱ्या दिसतात. पहिली : प्रत्येक मनुष्य मृत्यूला भितो, आणि मृत्यू ही शिक्षा जन्मठेपेहून केवळ प्रमाणाने नव्हे तर प्रकारानेच वेगळी आहे. दुसरी : इतर देशांतील आकडेवारी अनिर्णायक आहे, तिने जरब सिद्ध होत नसेल, तर ती असिद्धही होत नाही. तिसरी : देशाचा विस्तार, लोकसंख्येतील विविधता, शिक्षण व नीतिमत्ता यांतील तफावत आणि सुव्यवस्थेची निकड पाहता फाशी रद्द करण्याचा प्रयोग करून पाहण्याचा धोका भारताला परवडणार नाही.

पहिल्या पायरीवर स्टीफनचेच विधान आहे, आणि तेच वर दाखविलेला दोषही घेऊन येते. दुसरी पायरी तर्कदृष्ट्या निर्दोष आहे. आकडेवारी जेथे मुकी आहे तेथे तिला कोणत्याही बाजूने बोलावयास लावू नये. तिसऱ्या पायरीत मात्र दोन शब्द सर्व काम करतात : 'प्रयोग' आणि 'धोका'. फाशी रद्द करणे हा प्रयोग, आणि ती चालू ठेवणे हा प्रयोग नव्हे, असे येथे गृहीत धरले आहे. परंतु आकडेवारी दोन्ही बाजूंनी मुकी असेल, तर परिणाम अज्ञात असताना माणसे फासावर चढवीत राहणे हाही तितकाच प्रयोग होय. फरक इतकाच की तो जुना असल्यामुळे प्रयोग वाटत नाही. शाबितीचा भार कोणावर, हा या वादातील मध्यवर्ती प्रश्न. तो प्रश्न न विचारताच एका शब्दाच्या योजनेने येथे निकालात निघाला आहे.

४

पुरावा खरोखरच मुका आहे काय, हे पाहिले पाहिजे. या प्रश्नावर गेल्या पाऊणशे वर्षांत जेवढे संशोधन झाले तेवढे शिक्षाशास्त्रातील क्वचितच दुसऱ्या प्रश्नावर झाले असेल.

इंग्लंडात १९४९ ते १९५३ या काळात सर अर्नेस्ट गोवर्स यांच्या अध्यक्षतेखाली राजकीय आयोग नेमला गेला होता. इंग्रजी गद्य सुबोध व नेमके कसे लिहावे यावरील पुस्तकांमुळे गोवर्स यांचे नाव भाषेच्या अभ्यासकांना परिचित आहे. फाशी रद्द करावी की काय, हा प्रश्न त्या आयोगाच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आला होता. तरीही जरबेची तपासणी टाळणे त्याला शक्य झाले नाही. सामान्य माणसावर मृत्यूच्या भयाचा परिणाम अधिक होत असावा असे सकृद्दर्शनी वाटते, हे आयोगाने मान्य केले. पण फाशी रद्द झाल्याने खून वाढले किंवा ती पुन्हा आणल्याने ते कमी झाले, असा स्पष्ट पुरावा त्याला कोठल्याही देशाच्या आकड्यांत आढळला नाही. 'वाटते' आणि 'आढळते' यांतील भेद त्या अहवालाने शेवटपर्यंत सांभाळला आहे.

अमेरिकेत थॉर्स्टेन सेलिन यांनी शेजारच्या राज्यांची तुलना करण्याची पद्धत वापरली. मिशिगन राज्यात १८४७ पासून खुनासाठी फाशी नाही. लगतच्या ओहायो व इंडियाना या राज्यांत ती होती. समाजरचनेने एकमेकांसारख्या असलेल्या अशा राज्यांतील खुनांचे प्रमाण बरोबरीनेच चढते-उतरते, असे त्यांच्या १९५९ च्या अभ्यासात दिसून आले. १९७५ साली आयझॅक एर्लिक या अर्थशास्त्रज्ञाने याच्या उलट निष्कर्ष काढला : प्रत्येक फाशीमागे सात ते आठ खून टळत असावेत. हा आकडा लगोलग अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढील युक्तिवादात उद्धृत झाला. परंतु इतर संशोधकांनी तीच सामग्री तपासली, तेव्हा १९६२ नंतरची काही वर्षे वगळताच हा परिणाम नाहीसा होतो असे त्यांना आढळले. या काळात अमेरिकेत फाशी जवळजवळ थांबली होती आणि सर्व प्रकारचे गुन्हे वाढत होते. दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या होत्या. त्यांतील एक दुसरीचे कारण होती असे त्यावरून ठरत नाही.

त्यानंतरही दोन्ही बाजूंनी पुष्कळ अभ्यास प्रसिद्ध झाले. या सर्वांचा आढावा घेऊन अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने २०१२ साली असा निर्णय दिला की, फाशीमुळे खून कमी होतात, वाढतात की तसेच राहतात, याविषयी या अभ्यासांतून काहीही कळत नाही; म्हणून धोरण ठरविताना त्यांचा आधार घेऊ नये. समितीने दाखविलेले दोन दोष प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने बोलके आहेत. फाशीऐवजी दिल्या जाणाऱ्या शिक्षेची तीव्रता या अभ्यासांनी हिशेबात घेतली नव्हती. म्हणजे 'पेक्षा' हा शब्द येथेही गळलेलाच होता. आणि खून करू शकणाऱ्या माणसाला शिक्षेची शक्यता किती वाटते, याची माहिती कोणीच मिळविलेली नव्हती; म्हणजे ज्या मनात जरब बसावयाची त्या मनापर्यंत कोणी पोहोचलेच नव्हते.

आशियातील एक तुलनाही उद्बोधक आहे. सिंगापूर व हाँगकाँग ही दोन शहरे वस्ती, व्यापार व राहणी यांत पुष्कळशी सारखी. हाँगकाँगमध्ये १९६६ नंतर कोणालाही फाशी दिली गेली नाही आणि १९९३ साली ती कायद्यानेही रद्द झाली. सिंगापूरमध्ये १९९० नंतरच्या दशकात फाशीचे प्रमाण जगातील अत्युच्च प्रमाणांपैकी एक होते. पुढे ते झपाट्याने उतरले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या दोन्ही शहरांतील खुनांच्या प्रमाणाची वाटचाल जवळजवळ सारखीच असल्याचे दाखविले आहे.

भारतातील अनुभव असा. त्रावणकोर संस्थानाने १९४४ साली फाशी रद्द केली होती. १९५० नंतर ती पुन्हा लागू झाली. फाशी नसतानाच्या व असतानाच्या पाच पाच वर्षांतील खुनांची संख्या वारंवार उद्धृत होते, आणि ती दोन्ही वेळा साडेनऊशे ते हजार यांच्या दरम्यान आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकड्यांप्रमाणे १९९२ साली देशात चाळीस हजारांहून अधिक खून नोंदले गेले. २०२२ साली ही संख्या २८,५२२ होती. मधल्या तीस वर्षांत लोकसंख्या मात्र कितीतरी वाढली होती. याच काळात फाशीची अंमलबजावणी अत्यंत विरळ होत गेली; ऑगस्ट २००४ ते नोव्हेंबर २०१२ या आठ वर्षांत देशात एकालाही फाशी दिली गेली नाही.

यावरून फाशी विरळ झाल्यामुळे खून कमी झाले असे कोणी म्हटल्यास ती एर्लिक यांचीच चूक उलट्या बाजूने केल्यासारखे होईल. एवढेच म्हणता येते की, फाशीची अंमलबजावणी जवळजवळ थांबली असतानाही समाजाचे बांध फुटले नाहीत. ज्या 'धोक्या'च्या भयाने १९६७ चा आयोग थबकला, तो धोका या आकड्यांत दिसत नाही.

बेक्कारियाने सांगितलेल्या निश्चितीचा विचारही येथेच करता येईल. २०२२ साली देशभरातील सत्र न्यायालयांनी मिळून १६५ जणांना फाशीची शिक्षा सुनावली, अशी दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातील संशोधकांची गणना आहे. त्यांपैकी ३८ जण अहमदाबाद बाँबस्फोटांच्या एकाच खटल्यातील होते. त्या वर्षी प्रत्यक्ष फाशी एकालाही झाली नाही. खुनाच्या ज्या खटल्यांचा निकाल लागतो त्यांतही अलीकडच्या वर्षांत शंभरांपैकी चाळीस ते पंचेचाळीसच खटल्यांत दोष शाबीत झाला आहे. ज्याला हिशेब करावयाचा असेल त्याच्या हिशेबात दोरापेक्षा सुटकेची शक्यता कितीतरी मोठी भरते. पोलीस तपास व साक्षीपुरावा यांतील ही गळती थांबविणे कष्टाचे व खर्चाचे आहे. फाशीची मागणी करणे सोपे आहे.

५

न्यायालयांनी या प्रश्नाकडे कसे पाहिले हे आता पाहावयाचे. जगमोहनसिंग खटल्यात १९७२ साली सर्वोच्च न्यायालयाने मृत्युदंड घटनेशी विसंगत नाही असा निर्णय दिला. न्या. पालेकर यांनी लिहिलेल्या त्या निकालपत्रात पस्तिसाव्या अहवालाचा आधार घेतलेला असून, पाश्चात्त्य देशांचा अनुभव येथे जसाच्या तसा लागू करता येणार नाही, असे म्हटले आहे. बचनसिंग खटल्यात ९ मे १९८० रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने तोच निर्णय कायम केला आणि विरळातील विरळ प्रकरणीच ही शिक्षा द्यावी, असे सूत्र घालून दिले.

बहुमताच्या निकालपत्रातील जरबेविषयीचा युक्तिवाद सूक्ष्मपणे वाचण्याजोगा आहे. विचारी व विद्वान माणसांत या प्रश्नावर खोल मतभेद आहे. सबब फाशी निरुपयोगी आहे हे याचिकाकर्त्यांचे म्हणणे फेटाळण्यास हेही एक कारण होय, असा त्याचा रोख आहे. घटनाविषयक खटल्यात कायद्याच्या वैधतेचे गृहीतक असते आणि ते खोडण्याचा भार आव्हान देणाऱ्यावर पडतो. त्या चौकटीत ही मांडणी समजण्यासारखी आहे. न्या. भगवती यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये दिलेल्या आपल्या भिन्नमताच्या कारणांत नेमक्या याच जागी विरोध नोंदविला. जी शिक्षा प्राणच घेते तिचे समर्थन करण्याचा भार ती देणाऱ्या शासनावर असला पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन होते.

दोहोंपैकी कोणते मत कायद्याच्या दृष्टीने ग्राह्य, हा विधिज्ञांचा प्रश्न आहे. येथे नोंदवावयाचे ते एवढेच की, 'असिद्ध ठरले नाही' या न्यायालयीन निष्कर्षाचे सार्वजनिक चर्चेत 'सिद्ध झाले आहे' असे रूपांतर होत आले आहे. कायद्याने स्वतःचे गृहीतक मात्र दरम्यान बदलले होते. १९५५ पर्यंत खुनाच्या खटल्यात फाशी न दिल्यास न्यायाधीशाला कारणे द्यावी लागत. १९५५ च्या दुरुस्तीने ही अट गेली. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने फाशी दिल्यास विशेष कारणे देणे आवश्यक केले. अठरा वर्षांत नियम व अपवाद यांची अदलाबदल झाली. जरबेच्या युक्तिवादात ही अदलाबदल अद्याप पोहोचलेली नाही.

६

विधी आयोगाचा २०१५ सालचा दोनशे बासष्टावा अहवाल या पार्श्वभूमीवर महत्त्वाचा ठरतो. त्यामागे सर्वोच्च न्यायालयाचे दोन निर्णय होते, २००९ चा व २०१३ चा. दोन्ही महाराष्ट्रातून गेलेल्या खटल्यांतील. न्या. अ. प्र. शहा यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने जन्मठेपेहून अधिक जरब फाशीने बसते याला पुरावा नाही, असे स्वच्छ शब्दांत सांगितले. गाळलेला 'पेक्षा' या अहवालाने परत जागेवर आणला, हे त्याचे मोठे श्रेय होय. तीन सदस्यांनी या शिफारशींशी असहमती नोंदविली, हेही येथे सांगितले पाहिजे.

तथापि या अहवालाची शिफारस त्याच्या विवेचनाइतकी सुसंगत नाही. दहशतवादी गुन्हे व देशाविरुद्ध युद्ध यांखेरीज इतर सर्व गुन्ह्यांसाठी फाशी रद्द करावी, असे आयोगाने सुचविले. दहशतवादाला वेगळा न्याय लावण्यास शिक्षाशास्त्राच्या दृष्टीने सबळ कारण नाही, हे तोच अहवाल मान्य करतो आणि राष्ट्रीय सुरक्षेविषयीच्या चिंतेकडे बोट दाखवून तो अपवाद ठेवतो. जो मरावयास तयार होऊनच घराबाहेर पडला त्याला मृत्यूचे भय दाखविणे सर्वांत निष्फळ. म्हणजे जरबेची शक्यता जेथे सर्वांत कमी तेथेच फाशी राखली गेली. समोरच्या दाराने बाहेर घालविलेला विध्यर्थ येथे मागील दाराने परत आला आहे. 'जरब बसते' असे म्हणता येत नाही हे मान्य; पण ती 'बसावी' ही इच्छा मात्र सोडवत नाही.

७

समर्थकांच्या हाती येथे एक शेवटचा व खराखुरा वजनदार युक्तिवाद उरतो. अमेरिकेतील अर्नेस्ट व्हॅन डेन हाग यांनी १९६९ साली तो मांडला. परिणाम अनिश्चित आहे ना? मग दोन चुकांतील लहान चूक निवडा. फाशी निष्फळ असून दिली तर खुन्याचा जीव व्यर्थ जाईल. ती सफळ असून रद्द केली तर निरपराध माणसांचे जीव जातील. निरपराधांऐवजी खुन्याचा जीव पणाला लावणे केव्हाही बरे.

या पैजेत दोन गोष्टी गृहीत धरल्या आहेत. फाशीचा परिणाम झाला तर चांगलाच होईल, ही पहिली. परंतु न्यूयॉर्क राज्यातील १९०७ ते १९६३ या काळातील नोंदींवरून, फाशीनंतरच्या महिन्यात खून किंचित वाढतात, शासनाने केलेला वध हिंसेला प्रतिष्ठा देतो, असाही निष्कर्ष काही संशोधकांनी काढला होता. तोही तितकाच विवाद्य आहे. मात्र अनिश्चितता मान्य करावयाची तर ती दोन्ही दिशांनी मान्य केली पाहिजे. फासावर चढणारा खुनीच असतो, हे दुसरे गृहीतक.

हे दुसरे गृहीतक किती महाग पडू शकते याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. भटक्या जमातीतील सहा जणांना येथील एका खटल्यात फाशीची शिक्षा झाली. उच्च न्यायालयाने त्यांपैकी तिघांना जन्मठेप दिली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांसाठी फाशीच योग्य ठरविली. ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने आपला निर्णय फिरवून सहाही जणांना निर्दोष सोडले आणि प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश राज्य शासनास दिला. तोवर त्यांच्या आयुष्याची सुमारे सोळा वर्षे तुरुंगात गेली होती. दिरंगाईमुळे फाशीची जरब ओसरते अशी तक्रार नेहमी ऐकू येते. या खटल्यात दिरंगाई झाली नसती, तर २०१९ चा निर्णय ऐकावयास त्या सहांपैकी कोणी उरला नसता.

फाशीचा लाभ संकेतार्थात सांगावा लागतो : ती नसती तर अमुक खून झाले असते. तिची हानी स्वार्थात सांगता येते : अमुक माणसे अमुक दिवशी अपराधी ठरविली गेली आणि ती अपराधी नव्हती. या दोहोंना एका तराजूत घालावयाचे तर, ज्या पारड्यात केवळ संभाव्य गोष्ट आहे त्या पारड्याकडूनच पुराव्याची मागणी केली पाहिजे. १९६७ च्या अहवालाने ती मागणी दुसऱ्या पारड्याकडे केली, आणि आजही सार्वजनिक वाद बहुतेक त्याच ठिकाणी उभा आहे.

मृत्युदंडाचे समर्थन अन्य भूमिकेवरून करता येते. काही कृत्ये इतकी अघोर असतात की ती करणाऱ्याने जगू नये, असे कोणी म्हणू शकतो. हे विधान उघडपणे विध्यर्थात आहे. ते नीतीचे विधान आहे, त्याचा वाद नीतीच्या क्षेत्रातच झाला पाहिजे, आणि आकड्यांनी ते सिद्धही होणार नाही व खोडलेही जाणार नाही. ज्यांची खरी श्रद्धा या विधानावर आहे त्यांनी ते याच रूपात मांडावे, एवढी अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाही. 'बसावी' असे मनात असताना 'बसते' असे म्हणणे व्याकरणात क्षम्य ठरेल. ज्या वाक्याच्या आधारे माणसाचा जीव घ्यावयाचा, त्या वाक्यात ते क्षम्य ठरत नाही.